सनद आधी, दीक्षा मागाहून: वकिली, लोकसेवा आणि पाळकपण एकत्र जमवायचं असेल तर

बार रूममध्ये मला 'पाळकसाहेब' म्हणतात आणि मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, 'वकीलसाहेब'. दोन्हीकडे त्यात थोडी थट्टा असते, आणि थोडा संशयही. आठवडाभर नगरच्या कोर्टात तारखा आणि रविवारी दोन खेड्यांत उपासना, असं माझं चाललंय. दरवर्षी निकाल लागले की एखादा पोरगा किंवा पोरगी घरी येते, चहा घेते आणि विचारते, "सर, आधी सेमिनरी करू की लॉ?"

हा लेख त्यांच्यासाठी आहे. (सेमिनरी म्हणजे पाळकांना धर्मशिक्षण देणारं कॉलेज.) मी सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी एका ख्रिस्ती संस्थेत पगारी पाळक झालो, मग नोकरी सांभाळत एलएलबी केलं. सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा, अर्ज भरताना कळलं की त्यात 'मी कुठेही पूर्णवेळ नोकरीत नाही' असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. राजीनामा दिला, पण तो मंजूर झाल्याचं पत्र त्या संस्थेकडून हातात पडायला सात महिने गेले. तुमचे जाऊ नयेत.

१. पगार कुणाचा, हे आधी ठरवा

'मला देवाची हाक आहे' हे खरं असेलच, त्यावर मी काय बोलणार? पण कायदा तुम्हाला विचारणार पगाराबद्दल. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला नियम ४९ सांगतो की वकिली करत असेपर्यंत वकिलाने कुणाचीही पूर्णवेळ पगारी नोकरी करायची नाही. मंडळी किंवा डायोसिस (बिशपांचा धर्मप्रांत) दरमहा पगार देत असेल, प्रॉव्हिडंट फंड कापत असेल, राहायला बंगला देत असेल, तर 'ही नोकरी नाही, सेवा आहे' हे कागदावर सिद्ध करणं सोपं नाही.

म्हणून रस्ते तीनच. पहिला, पोट वकिलीवर आणि मंडळीची सेवा बिनपगारी. आपल्यात याला 'तंबू शिवणारी सेवा' म्हणतात. बायबलमधला पौल करिंथात तंबू शिवून पोट भरायचा, तशी. दुसरा, पूर्णवेळ पाळकपण. मग सनद बार कौन्सिलकडे रीतसर निलंबित करून ठेवायची. कायद्याचं ज्ञान मंडळीच्या कामी येईल, पण वकीलपत्र दाखल करता येणार नाही. तिसरा, अर्धवेळ मानधनावर मंडळी. नियम ५२ प्रमाणे राज्य बार कौन्सिलची संमती घेऊन अर्धवेळ काम करता येतं, ते वकिलीच्या आड येत नसेल तर. संमती आधी घ्या, आणि लेखी घ्या. तोंडी 'काही हरकत नाही' याला तक्रार झाल्यावर काडीची किंमत नसते.

मी पहिल्या रस्त्यावर आहे. पुढचं बहुतेक त्याच अंगाने लिहिलंय.

२. एलएलबी

यात फार शिरत नाही, माहिती सगळीकडे मिळते. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कोर्स, दोन्हींसाठी राज्याच्या सीईटी सेलची परीक्षा. तीन वर्षांच्या कोर्सला पदवीला खुल्या गटात ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात.

दोन सापळे मात्र सांगतो. एक: लॉ आणि सेमिनरी, दोन्ही नियमित कोर्स एकाच वेळी करू नका. कायद्याच्या शिक्षणाचे २००८ चे नियम दोन नियमित कोर्सना एकदम नाव घालायला मनाई करतात. दूरशिक्षणाला किंवा छोट्या अर्धवेळ सर्टिफिकेट कोर्सला सवलत आहे. 'सकाळी लॉ, दुपारी सेमिनरी' असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. पुढे सनद अडकली की ते फोन उचलत नाहीत.

दुसरा सापळा जातीच्या दाखल्याचा. नाजूक आहे, पण आपल्या घराघरांत आहे म्हणून लिहितो. शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू' आणि जातीचं नाव, आणि दर रविवारी देवळात (आपल्यात चर्चला देऊळच म्हणतात) पहिल्या बाकावर. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे हा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती जीवन जगणाऱ्या व्यक्तीने नोकरीसाठी हा दाखला मागणं म्हणजे राज्यघटनेशी लबाडी, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सेल्वराणी प्रकरणात म्हटलं. हा आदेश अन्यायाचा आहे असं माझं मत आहे आणि मी ते उघड मांडतो. पण ज्याला उद्या पुलपिटावर (उपदेशाच्या व्यासपीठावर) उभं राहायचंय त्याने या दाखल्यावर प्रवेश किंवा नोकरी घेऊ नये. अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

३. सनद आणि एआयबीई

निकाल लागला की बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी. नोंदणीची फी खुल्या गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांहून जास्त घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ ला स्पष्ट केलंय. मुद्रांक शुल्क वेगळं. आमच्या वेळी हजारो रुपये मोजावे लागत. तुम्ही नशीबवान आहात.

नोंदणीनंतर दोन वर्षांत एआयबीई (ऑल इंडिया बार एक्झामिनेशन) ही परीक्षा पास व्हावी लागते. खुल्या गटाला ४५ टक्के पुरतात. बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे टिपा नसलेली कायद्याची नुसती संहिता, सोबत नेता येते. 'पुस्तक आहेच की' म्हणून न वाचता गेलेले माझे दोन मित्र दुसऱ्यांदा बसले.

नावाचं लफडं आधी मिटवा. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर 'सॅम्युएल', दहावीच्या प्रमाणपत्रावर 'शामुवेल', आधारवर 'शमुएल', असं आपल्यात सर्रास असतं. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या आणि त्याच्या पाच प्रती फाइलला लावून ठेवा. सनद, दीक्षेचं (पाळक म्हणून विधिपूर्वक नेमल्याचं) प्रमाणपत्र आणि लग्नं लावण्याचा परवाना, तिन्हींवर एकच नाव हवं.

४. ज्युनियरशिप

पहिली तीन वर्षं सिनियरकडे बसा, मंडळीतल्या कुणाकडे नाही. ख्रिस्ती सिनियर असावा असं वाटणं साहजिक आहे, पण चांगला सिनियर मिळणं त्याहून महत्त्वाचं. ज्याच्याकडे दिवाणी आणि फौजदारी दोन्ही चालतं आणि जो तुम्हाला उलटतपासणी करू देतो, तो पाहा.

पैशाचं खरं सांगायचं तर, बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात ज्युनियरला शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत अशी शिफारस केली आहे. शिफारसच आहे ती. तालुक्याच्या कोर्टात ती वाचून दाखवा आणि सिनियरच्या चेहऱ्याकडे बघा. दीड-दोन वर्षांचा घरखर्च हाताशी ठेवून या क्षेत्रात उतरा.

५. धर्मशिक्षण

सनद हातात आल्यावर दोन पर्याय राहतात. दोन्ही प्रोटेस्टंट बाजूचे सांगतोय, मला तेच माहीत आहेत; कॅथलिक धर्मगुरू होण्याची वाट पूर्ण वेगळी आहे.

निवासी बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) पदवीधराला साधारण चार वर्षं घेते. पुण्यात युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आहे, तिथेच बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. ही दुसरी १९८३ पर्यंत यवतमाळला होती. पदवी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची. सेरामपूरला पदव्या देण्याची सनद डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये दिली होती. सनद हा शब्द आपल्याला दोन्ही बाजूंनी चिकटलेला आहे तो असा.

चार वर्षं वसतिगृहात राहिलात तर वकिली मोडते. म्हणून तंबू शिवणाऱ्यांना मी सेरामपूर सिनेटचा बहिःस्थ अभ्यासक्रम, बी.सी.एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज), सुचवतो. तो सामान्य विश्वासी लोकांसाठीच बनवलेला आहे आणि घरी बसून होतो. मात्र नावनोंदणीच्या आधी आपल्या बिशपांना किंवा मंडळीच्या प्रमुखांना एकच प्रश्न विचारा: 'या पदवीवर तुम्ही मला दीक्षा द्याल का?' प्रत्येक चर्चचा नियम निराळा असतो. काही ठिकाणी बी.डी.शिवाय चालत नाही. काही ठिकाणी तुम्हाला ले रीडर (दीक्षा नसलेला उपासनाचालक) म्हणून उपासना चालवता येईल, पण प्रभुभोजन देता येणार नाही. आधी विचारलं नाही तर तीन वर्षांनी घरी फक्त एक चौकट टांगलेली असेल.

६. दीक्षा आणि विवाहाचा परवाना

दीक्षेच्या वेळी पत्रात 'मानसेवी' (बिनपगारी) हा शब्द घालून घ्या. मला वाटायचं हा बारीकसारीक हट्ट आहे. पुढे एका अशिलाच्या विरोधकाने बार कौन्सिलकडे माझ्यावर 'पगारी पाळक' म्हणून अर्ज केला, तेव्हा त्या एका शब्दाने मला वाचवलं.

दीक्षा मिळाली की लग्नं लावायची घाई होते. थांबा. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा कलम ५ मध्ये सांगतो की लग्न कोण लावू शकतो. तुमच्या चर्चमधली दीक्षा त्यात बसते, की राज्य सरकारचा वेगळा परवाना लागतो, हे पाहा. परवाना असेल तर तो कलम ६ चा की कलम ९ चा, हेही पाहा. कलम ९ चा असेल तर वधू-वर दोघंही भारतीय ख्रिस्ती हवेत. अधिकार नसताना लग्न लावलं तर कलम ६८ मध्ये दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. स्वतंत्र मंडळ्यांतले किती पाळक हे न वाचता लग्नं लावतात, ते मी सांगत नाही. वेळही पाळा, सकाळी सहा ते संध्याकाळी सात. वरात डीजेपाशी अडकली म्हणून आठ वाजता 'मी तुम्हा दोघांना पतिपत्नी जाहीर करतो' म्हणणाऱ्यांत तुम्ही नको.

७. दोन झगे एकमेकांत अडकतात ती ठिकाणं

कोर्टाचा काळा झगा आणि उपासनेचा पांढरा झगा माझ्या घरी एकाच कपाटात असतात. कपाटात ते भांडत नाहीत. भांडतात ते माणसं समोर बसली की. हे कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत, म्हणून इथे सविस्तर.

गुपित. मंडळीतला माणूस रात्री घरी येतो आणि म्हणतो, "साहेब, एक सांगायचंय." त्याला वाटतं, पाळकाला सांगितलेलं कुठे जात नाही. कायदा असं म्हणत नाही. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ मध्ये कलम १३२ पासून वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला संरक्षण आहे, नवरा-बायकोच्या बोलण्यालाही आहे. पाळकाला सांगितलेल्या कबुलीसाठी तसं कलम नाही. म्हणजे तेच वाक्य, तोच माणूस, तीच खोली. तो वकिलाशी बोलला तर झाकलेलं, पाळकाशी बोलला तर उद्या कोर्ट तुम्हाला पिंजऱ्यात बोलावून विचारू शकतं. त्यामुळे मी माणसाला वाक्य पुरं करू देत नाही. पहिल्यांदा विचारतो, "दादा, तू आत्ता कुणाशी बोलतोयस? वकिलाशी की पाळकाशी?" तो गोंधळतो. मग मी दोन्हीतला फरक सांगतो आणि त्यालाच निवडू देतो.

याला एक मोठा अपवाद आहे. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणाऱ्याला कलम २१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद. 'मंडळीचं नाव जाईल', 'आपसात मिटवू' असं म्हणणारे पंच तुम्हाला भेटतील. त्यांचं ऐकू नका.

साक्षीदार. तुम्ही लग्न लावलंत. चार वर्षांनी तीच मुलगी घटस्फोटासाठी तुमच्याकडे आली. ज्या प्रकरणात आपण साक्षीदार होण्याचा संभव आहे ते प्रकरण वकिलाने घ्यायचं नाही, असं नियम १३ सांगतो. लग्नाच्या रजिस्टरवर तुमची सही आहे, तुम्ही त्यांचे वाद मिटवायला दोनदा जेवायला गेलात. साक्षीदार नाही तर काय आहात? मी ठरवूनच टाकलंय: माझ्या मंडळीतलं वैवाहिक प्रकरण घ्यायचं नाही. दोन चांगल्या वकिलांची नावं सांगतो आणि प्रार्थना करतो.

मात्र एक गोष्ट त्या जोडप्याला जरूर सांगा. चर्चच्या न्यायपीठाने विवाह रद्द ठरवला तरी कायद्याने तो रद्द होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ खटल्यात हे सांगितलंय. १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली कोर्टाचा हुकूम घेतल्याशिवाय दुसरं लग्न केलं तर गुन्हा होतो.

कमिटी. ज्या संस्थेच्या कार्यकारी समितीवर आपण आहोत तिच्या बाजूने किंवा विरुद्ध वकिलाने उभं राहायचं नाही, असा नियम ८ आहे. पाळक पदसिद्ध म्हणून पंचकमिटीचा, म्हणजे मंडळीच्या कार्यकारी समितीचा, अध्यक्ष असतो. म्हणजे मंडळीची केस तुम्ही चालवू शकत नाही, मग कमिटी 'आपलेच वकीलसाहेब आहेत की, फुकटात होईल' असं कितीही म्हणो.

जाहिरात. नियम ३६ प्रमाणे वकिलाला कामं मागत फिरता येत नाही. उपासनेनंतर व्हिजिटिंग कार्ड वाटू नका. मंडळीच्या वार्षिक अहवालात 'आमचे पाळक, ज्यांची वकिली अमुक ठिकाणी आहे' असं छापूही देऊ नका. मला एकदा कॅलेंडरच्या दोनशे प्रतींवर पट्टी चिकटवत बसावं लागलं.

८. मंडळीची कागदपत्रं

तुमच्या कायद्याचा मंडळीला खरा उपयोग इथे आहे, आणि कोर्टात उभं न राहता तो होतो. महाराष्ट्रात बहुतेक चर्चची मालमत्ता १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते. नवीन कमिटी निवडून आली की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, द्यावा लागतो. बहुतेक मंडळ्यांत तो दिलेलाच नसतो. परिशिष्ट एकवर (धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्त नोंदीच्या उताऱ्यावर) वीस वर्षांपूर्वी वारलेल्यांची नावं अजून विश्वस्त म्हणून असतात. मग जमिनीवर कुणी डोळा ठेवला की सही कुणाची, यावरून मारामारी.

कलम ३६ पाठ करा. विश्वस्त मालमत्तेची विक्री, अदलाबदल किंवा बक्षीस, तसंच शेतजमीन दहा वर्षांहून आणि बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने देणं, आयुक्तांच्या आधी घेतलेल्या मंजुरीशिवाय चालत नाही. मिशनच्या जुन्या बंगल्यांच्या जागा शहराच्या मधोमध आल्या आहेत. बिल्डर आधी पाळकाकडेच येतो, पेढे घेऊन.

परदेशातून देणगी येत असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी हवीच, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. अमेरिकेतल्या मावशीने मंडळीसाठी पाळकाच्या खात्यावर पाठवलेले डॉलर हा आपल्यातला सगळ्यात निरागस गुन्हा आहे.

९. लोकसेवा

पहिली पायरी म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हे गावात माहीत नसतं. विद्यार्थी असतानाच विधी स्वयंसेवक व्हा; पॅनेलवर वकील म्हणून यायला साधारणपणे तीन वर्षांची वकिली लागते. १५१०० हा मदत क्रमांक देवळाच्या फलकावर लावा, तुमचा नको.

न्यायाधीश किंवा सरकारी वकील व्हायचं असेल तर ते पूर्णवेळ पद आहे. दीक्षेचा विचार तेव्हा बाजूला ठेवावा लागेल. दिवाणी न्यायाधीशाच्या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट मे २०२५ च्या निकालाने परत आली आहे.

निवडणूक लढवायची असेल तर पुलपिट सोडूनच. १९८८ चा एक छोटा कायदा धार्मिक संस्थेच्या जागेचा राजकीय कामासाठी वापर करायला मनाई करतो, आणि धर्माच्या नावाने मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मध्ये भ्रष्ट आचार आहे. पद न घेताही हे काम होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईच्या हरित पट्ट्यासाठी रस्त्यावर उतरले. केरळचे फादर जॉन वल्लमट्टम यांनी ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रातून धर्मादाय देणगी देण्यावर बंधनं घालणाऱ्या वारसा कायद्याच्या कलम ११८ ला आव्हान दिलं आणि सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ते कलम रद्द केलं. कलकत्त्याचे कालीचरण बॅनर्जी तर एकोणिसाव्या शतकातच वकिली, काँग्रेस आणि ख्रिस्तप्रचार एकत्र करत होते.

फाइलमध्ये काय ठेवाल

- दहावी, बारावी, पदवी आणि एलएलबीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका. शाळा सोडल्याचा दाखला
- नावबदलाचं राजपत्र
- आधीच्या नोकरीचा राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र (अर्ज दिल्याची पोच नव्हे)
- बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे दाखले, मंडळीच्या सभासदत्वाचं पत्र, पंचकमिटीची शिफारस
- सनद आणि एआयबीईचं प्रमाणपत्र
- मानधन घेत असाल तर बार कौन्सिलची लेखी संमती
- दीक्षेचं पत्र, 'मानसेवी' शब्दासह. विवाहाचा परवाना लागू असेल तर तो
- दोन डायऱ्या. एकीत तारखा, दुसरीत आजारी, म्हातारे आणि तुरुंगातले. पहिलीत दुसरीचं काही लिहायचं नाही.

वेळेचं शेवटचं सांगतो. शनिवारी संध्याकाळी सहानंतर मी अशिलाचा फोन घेत नाही, पोलीस ठाण्यातून आलेला सोडून. रविवारी उपासनेनंतर कुणी सात-बारा उघडून पुढे केला तर तो घडी घालून परत देतो आणि सोमवारी साडेदहाला बार रूममध्ये बोलावतो. पहिल्या वर्षी लोक रागावले. आता सोमवारी सकाळी माझ्या टेबलासमोर पहिली खुर्ची कुणाची, यावरून त्यांच्यातच जुंपते.